ओळीतलं पाचवं अक्षर

मी दहा वर्षांची होईपर्यंत माझ्या बाबांना मामा म्हणत होते. म्हणायचं असायचं बाबाच. ओठ मिटायचे, शब्द मनात पूर्ण तयार असायचा, पण ओठ उघडण्याआधीच हवा नाकातून निघून जायची आणि बाहेर पडायचं ते 'मामा'. ताईला मी 'नाई' म्हणे, आत्याला 'आन्या', आणि माझं घरातलं नाव बेबी, ते माझ्या तोंडून 'मेमी' असं येई. आईला मात्र आईच म्हणता यायचं. त्या शब्दाला ओठ मिटावे लागत नाहीत, जीभही कुठे टेकवावी लागत नाही. त्यामुळे काही हवं असलं की मी आईलाच हाका मारी, आणि आई दिवसभर वावरात असे.

भोक टाळूला होतं, मागच्या बाजूला, पडजिभेच्या अलीकडे. ओठ नीट, दात नीट, नाकीडोळी तर लोक मला ताईपेक्षा उजवी म्हणत. मी गप्प असले की कुणाला काही कळत नसे, आणि म्हणूनच मला गप्प बसवणं सगळ्यांना सोपं जाई. तान्ही असताना दूध नाकातून परत येई. आईनं मला मांडीवर उभी धरून, बोंडल्यानं थेंब थेंब पाजून जगवलं. सुईण म्हणाली होती, वाचली तरी बोलायची नाही. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. मी पोटात असताना ग्रहण लागलं आणि आई त्या वेळी विळीवर बसून वांगी चिरत होती, हे आत्यानं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आई कधीतरी हळूच म्हणायची, "त्या दिवशी मी वावरात होती वो बाई, तुमीच तं डबा आणून देला होता." पण आत्या बाबांची मोठी बहीण. ती लहानपणीच विधवा होऊन माघारी आलेली, बाबांना तिनंच वाढवलेलं, आणि घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. तिनं पाहिलं म्हटलं की ते पाहिलेलंच असे.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या टोकाला होतं, तिगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आता पांढुर्णा जिल्हा झालाय, मोठमोठ्या पाट्या लागल्यात. तेव्हा दिवाळीनंतर त्या रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग लागे आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज घरात येऊन बसे. सकाळी जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की आत्या चूल पेटवी. दुपारी इटारसीकडून येणारी मालगाडी गेली की आई वावरातून येऊन भाकर खाई. घड्याळ होतं, पण ते बंदच असायचं. पाच एकर कोरडवाहू कापूस आणि विहिरीलगत संत्र्याची दीडशे झाडं. बाग फळावर आली की घरभर सालीचा तो तिखट वास. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर बाबा संत्रं ठेवत. मी मात्र संत्रं खात नसे. एकदा खाल्लं होतं आणि रस नाकात चढून असा झोंबला, की अर्धा दिवस डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. तुरीचं वरण पातळ असलं तरी तेच व्हायचं. म्हणून मी ज्वारीची भाकर कोरडीच, थोड्या ठेच्यासोबत, खूप वेळ चावून चावून खायची, आणि तीही भिंतीकडे तोंड करून. आत्यानंच ती सवय लावली होती. "लोकाईले दाखवू नको बाई," एवढंच ती म्हणे. दुष्ट नव्हती ती. आता तिच्या वयाकडे जाताना मला हे कळतं. लपवणं म्हणजेच सांभाळणं, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजींनी नाव विचारलं. शाळेतलं माझं नाव पद्मा. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मन्मा." वर्ग हसला. गुरुजींनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले, जास्त जोर लावून, आणि जोर लावला की नाकातून सूं असा आवाजही निघे. गुरुजी भले माणूस होते. "बैठ जा बेटा," म्हणाले, आणि त्यानंतर चार वर्षं त्यांनी मला एकदाही उभं केलं नाही. त्यांच्या त्या दयेनं माझं जेवढं नुकसान झालं तेवढं मुलांच्या हसण्यानं झालं नाही. पाढे मला पाठ होते, कविता पाठ होत्या, हिंदीच्याही आणि मराठीच्याही. अक्षर इतकं चांगलं की वर्गातल्या अर्ध्या मुली माझीच वही उतरवायच्या. पण तोंडी काही विचारायची वेळ आली की गुरुजींची नजर माझ्यावरून पुढे सरके. ती सरकताना मी बघत असे. मंद आहे बिचारी, असं त्या नजरेत लिहिलेलं असे, आणि ते खोडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

घरात माझं बोलणं पूर्ण समजायचं ते फक्त ताईला. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी नाकातल्या नाकात काहीतरी म्हणायची आणि ती लगेच मोठ्यानं सांगायची, "तिले पाणी पायजे," "ती म्हणून राहिली का गाय सुटली." नववी झाल्यावर आत्यानं तिची शाळा बंद केली. ताई काही बोलली नाही. पुस्तकं तिनं टोपलीत भरून माळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. मग तिला पाहायला पाहुणे येऊ लागले, आणि तिथून माझं कोंडणं सुरू झालं.

घराच्या मागच्या अंगाला कापसाची एक खोली होती. वेचलेला कापूस विकायला जाईपर्यंत तिथं छतापर्यंत भरून ठेवत. दार परसात उघडायचं आणि कडी बाहेरून. खिडकी नव्हती, भिंतीला वर वीतभर झरोका होता. पाहुणे येणार असले की आत्या मला तिथं नेऊन बसवी. एका बहिणीचं असं पाहिलं तर लोक म्हणतील, हिच्या पोटचंही तसंच निघेल. आणि आत्याचं हे म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं, लोक तसंच म्हणत. पहिल्या वेळी मला खेळ वाटला. कापसात बसलं की मऊ लागतं, पण थोड्या वेळानं तो अंगाखालून तापायला लागतो, गळ्यात बारीक तंतू जातात, सरकीचा तेलकट वास डोक्यात चढतो. आणि कापूस आवाज गिळतो. आपणच बोललेलं आपल्याला दुरून बोलल्यासारखं येतं. दुसऱ्या वेळी मी दार ठोठावलं नाही, रडलेही नाही. कापसात बसून बोलत राहिले. जे बाहेर कुणापुढे बोलायची नाही ते सगळं तिथं बोलायची; पाढे, कविता, आत्याची नक्कल.

तिसऱ्या वेळी पाहुणे सौंसरहून आले, दुपारच्या बसनं. मुलगा नोकरीवर होता, तो आला नव्हता. त्याचे वडील, आई आणि आईची धाकटी बहीण. ही मावशी सौंसरला शाळेत शिकवायची. पुढे आम्ही सगळे तिला बाईच म्हणत आलो, म्हणून इथंही बाईच म्हणते. घरात सकाळपासून पोह्यांची तयारी, ताईला आईची हिरवी साडी. स्थळ चांगलं होतं, आत्या चार दिवस तेच सांगत होती. तिनं मला हात धरून मागे नेलं. "आवाज नाही करायचा. खोकला आला तं कापसात तोंड खुपसजो," म्हणाली आणि कडी घातली.

समोरच्या खोलीतलं बोलणं वरच्या झरोक्यातून ऐकू यायचं. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, संत्र्याच्या भावाचं झालं. मग मुलाच्या आईचा आवाज आला.

"पोरी दोन हायेत म्हणे तुमाले?"

"हो जी, दोन," बाबा म्हणाले.

"लहानी दिसून नाही राहिली."

बाबांचा अडकित्ता वाजला. मला वाटलं, आता आत्या बोलेल. आधीच्या दोन्ही वेळा तीच बोलली होती. पण या वेळी विचारलं होतं बाबांना.

"मोहगावले गेली," बाबा म्हणाले. "मामाच्या घरी."

बाबा खोटं बोलत नसत. व्यापाऱ्याशी नाही, पटवाऱ्याशी नाही. त्यांच्या तोंडून ते इतकं सरळ आलं, की क्षणभर मलाच वाटलं, मी खरंच मोहगावला आहे आणि इथं कापसात दुसरंच कुणीतरी बसलंय. मी ते वाक्य म्हणून पाहिलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. 'ग' माझ्या तोंडात कधी यायचा नाही, तिथं नाकातला 'ङ' यायचा. "मोहङावले ङेली," मी म्हणत राहिले, "मोहङावले ङेली." रडत होते की नक्कल करत होते, आता सांगता येणार नाही. पण कापूस आवाज गिळतो या भरवशावर मी मोठ्यानं म्हणत होते, आणि दारापर्यंत कापूस नव्हता.

बाई हात धुवायला परसातल्या हौदाशी आल्या होत्या. "कोण हाय आत?" बाहेरून आवाज आला. मी कापसात तोंड खुपसलं. कडी निघाली आणि इतका उजेड आत आला की मला त्यांच्या चष्म्याशिवाय काही दिसलं नाही. त्या खाली बसल्या. "भिऊ नको. आत्ता काय म्हणत होती तू?"

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. तोंड उघडलं की ताईचं लग्न मोडणार, हे मला आत्यानं पक्कं शिकवलेलं होतं.

"बरं, बोलू नको," त्या म्हणाल्या. "नुसता आ कर. आ केल्यानं कोणाले काही ऐकू येत नाही."

हे मला पटलं. मी आ केला. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसला. "गोविंदासारखंच," असं काहीतरी स्वतःशी म्हणाल्या. मला ते कळलं नाही. त्यांनी दोन बोटांनी माझं नाक चिमटीत धरलं. "आता म्हण, बाबा. हळूच म्हण."

मी ओठ मिटले. हवा नेहमीसारखी वर गेली आणि तिला वाटच सापडली नाही. ती मागे फिरली, गालात भरली, ओठांवर येऊन दाबू लागली. असं माझ्या तोंडात कधी झालंच नव्हतं. मला वाटलं, जीव गुदमरतो. मी ओठ उघडले आणि ते बाहेर फुटलं.

"बाबा!"

हळूच म्हणायचं होतं. पण जे कधी केलंच नव्हतं ते हळू कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं. समोरच्या खोलीतलं बोलणं थांबलं.

बाबा परसात आले तेव्हा त्यांच्या हातात अडकित्ता तसाच होता. मागे आत्या. "कोण म्हणलं?" त्यांनी विचारलं. बाईंनी आपला हात काढला आणि माझीच बोटं माझ्या नाकावर ठेवली. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. मी बाबांकडे पाहून म्हणाले, "बाबा." त्यांनी मला जवळ घेतलं नाही. त्यांची ती पद्धत नव्हती. ते उभे राहिले, अडकित्ता मिटून खिशात टाकला आणि समोर गेले. त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "लहानी मोहगावले नाही गेली. मी खोटं बोललो. इथंच हाय, मागच्या खोलीत कोंडली होती आमी."

मुलाची आई उठून मागे आली. माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "सुमे, तेच हाय का?"

"तेच हाय, अक्का."

मला वाटलं, आता ती ओरडेल. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "आमच्या घरी एक होता असा," ती आत्याला म्हणाली. "आमचा भाऊ. माह्या मायनं त्याले असंच पाहुणे आले का कोठीत घालून ठेवलं. मी लहानपणी हेच पाह्यलं बाई. आता माह्या लेकाच्या संसारात पुन्हा नाही पाहायचं मले." तिचे डोळे भरले होते. ती माझ्यावर रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

पोहे तसेच राहिले. बसला वेळ होता तरी ते निघाले. बाई सगळ्यात शेवटी उंबऱ्यात थांबल्या आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगी मंद नाही भाऊ. टाळू उघडी हाय तिची. नागपूरले शिवतात. आमच्या गोविंदाच्या वेळी कोणाले मालूम नव्हतं. तुमाले मालूम झालं आता."

त्या संध्याकाळी चूल उशिरा पेटली. आत्या भांडी घासता घासता एकदाच म्हणाली, "झालं समाधान?" कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण मी ते माझ्यासाठी घेतलं. ताईनं हिरवी साडी घडी करून आईच्या पेटीत ठेवली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिला काहीतरी म्हणाले, तिनं ऐकलं आणि नेहमीसारखं मोठ्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जिच्या तोंडानं मी बोलत होते ते तोंडही बंद झालं. खोलीची कडी त्यानंतर कधी लागली नाही, पण मला मात्र आपण तिथंच आहोत असं वाटत राहिलं. जेवताना, शाळेत, विहिरीवर.

तिसऱ्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "बेबीचे कपडे भर."

पॅसेंजरनं आम्ही नागपूरला गेलो. मोठा सरकारी दवाखाना, लांब वॉर्ड, फिनाइलचा वास. तरुण डॉक्टरनं बॅटरी लावून आत पाहिलं आणि विचारलं, "इतकी मोठी होईपर्यंत का थांबलात?" बाबा हातात टोपी धरून म्हणाले, "मालूम नव्हतं, साहेब." ऑपरेशनचं मला एवढंच आठवतं, की जाग आली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि जीभ कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. वर कधी नव्हतं ते छत आलं होतं. कित्येक दिवस नुसती पेज आणि दूध. पहिल्यांदा पूर्ण पेला दूध प्यायले आणि नाकात चढायची वाट पाहत बसले. चढलं नाही. आई पेला हातात घेऊन तिथंच पलंगाच्या कडेला बसून रडली. मग टाके बरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पाणी म्हण." सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणाले, "माणी."

दार बसवलं होतं, पण माझ्या हवेला दहा वर्षांची जुनी वाटच पाठ होती. डॉक्टरनं सांगितलं, सवय मोडावी लागेल, सराव करा. कसला सराव ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. मागे रांग होती. आम्ही पांढुर्ण्याला उतरलो तेव्हा गल्लीतल्या बाया गोळा झाल्या होत्या. "बोल ना वो बेबी, बोलून दाखव." मी बोलले. त्या एकमेकींकडे पाहत घरी गेल्या. "शिवूनबी तसंच," आत्या म्हणाली. त्या दिवसांइतकं वाईट मला कापसाच्या खोलीतही वाटलं नव्हतं. आधी निदान भोक होतं. आता भोक नव्हतं, तरी मी आतच होते.

बाबांनी मग जे केलं ते त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल, हे मला खूप उशिरा कळलं. एका रविवारी त्यांनी पिशवीत संत्री भरली आणि मला घेऊन सौंसरची बस धरली. ज्या घरानं आमची सोयरीक मोडली त्याच्याच दोन गल्ल्या पलीकडे बाईंचं घर. बाबा आत आले नाहीत. "तिले शिकवा," एवढंच म्हणाले आणि बाहेर ओट्यावर बसले. पुढे वर्षभर, कापूस वेचणीचे दिवस सोडले तर, जवळजवळ प्रत्येक रविवारी ते त्या ओट्यावर दोन-दोन तास बसले. ओळखीचं कुणी रस्त्यानं आलं की मान खाली घालून तंबाखू मळत.

बाईंनी पहिल्या दिवशी पाटीवर वर्णमाला लिहिली. मला ती पाठ होती, पण ओळी अशा का मांडल्यात हे कुणी सांगितलं नव्हतं. "पाह्य," त्या म्हणाल्या, "क-ची ओळ घशाजवळ, जिभेचा मागचा भाग वर टेकतो. च-ला मधला. ट-ला शेंडा वर वळतो. त-ला दाताले लागतो. प-ला ओठ. प्रत्येक ठिकाणी काय होते? दार बंद होते, मागं हवा भरते, अन् दार एकदम उघडलं का अक्षर निंघते. आता ओळीतलं शेवटचं अक्षर पाह्य. ङ, ञ, ण, न, म. इथंबी तोंडाचं दार बंदच, पण हवा नाकातून जाते. हे पाचवं अक्षर तुले आधीपासून येते. म्हणजे ओठ कुठं लावायचे, जीभ कुठं लावायची, सगळं तुले येते. फक्त हवा कोंडता येत नाही." मी पाटीकडे पाहत राहिले. चार वर्षं शाळेत जाऊन मला कुणी सांगितलं नव्हतं, की मी चुकीचं बोलत नाही, प्रत्येक ओळीतलं पाचवंच अक्षर बोलते.

शिकणं मात्र पाटीवर दिसलं तितकं सोपं नव्हतं. नाकाखाली आरसा धरायचा. 'प' म्हणताना काच धुरकटली की हवा नाकातून गेली. तळहातावर कापसाची पिंजलेली चिमूट ठेवायची आणि ओठांच्या फुंकरीनं ती उडवायची. आरसा धुरकटायचा, कापूस जागचा हलायचा नाही. आधी नाक धरून म्हणायचं, मग चिमटी थोडी सैल, मग सोडून. सोडलं की पुन्हा 'म'. एकदा मी पाटी आपटली. बाईंनी ती उचलली, फुटली नाही ना ते पाहिलं आणि म्हणाल्या, "गोविंदा पंचेचाळीस वर्षाचा होऊन गेला. किराणा दुकानात बसायचा. गिऱ्हाईक आलं का मान हलवायचा, बोटानं दाखवायचा. त्याचं बोलणं अक्काले समजायचं, मले समजायचं, तिसऱ्याले नाही. तो गेला तवा माह्या ध्यानात आलं, का त्याचा मोठा आवाज कसा हाय हे मले मालूमच नाही." मग पाटी माझ्यापुढे ठेवली. "म्हण. प."

'प' पाचव्या की सहाव्या रविवारी आला. 'ब' त्याच्या पाठोपाठ. 'त', 'द' यायला पावसाळा लागला. सगळ्यात जास्त छळलं 'क'नं. तो आरशात दिसत नाही, बोट लावून दाखवता येत नाही. मी क-च्या जागी घशात नुसता आचका द्यायची. शेवटी बाईंनी पाण्यानं गुळण्या करायला लावल्या, मान मागे टाकून. मी जन्मात गुळणी केली नव्हती. सगळं पाणी नाकातून आलं असतं. घशात पाणी खळखळलं तेव्हा जिभेचा मागचा भाग कुठे वर जातो ते मला पहिल्यांदा कळलं. पाणी थुंकून टाकलं, जीभ तिथंच ठेवली. "क," मी म्हणाले. फार चांगला नव्हता, पण क होता. बाहेर ओट्यावर बाबांनी ऐकला की नाही ठाऊक नाही.

त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये गर्दी होती. बाबा दाराशी अडकले, मी पुढे खिडकीजवळ. कंडक्टर माझ्यापाशी आला. "हां, कुठं?" एरवी मी बाबांकडे बोट दाखवलं असतं. बाबा मान उंचावून पाहत होते, त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं. मी म्हणाले, "एक फुल, एक हाफ. पांढुर्णा. पैसे बाबा देतात." कंडक्टरनं तिकिटं फाडली, माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाकडे वळला. एवढंच. त्याला काही वेगळं वाटलंच नाही. त्यानं वळून पाहिलं नाही, हसला नाही, दया केली नाही. बाबा गर्दीतून माझ्याजवळ आले तेव्हा मी तिकिटं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती घडी करून टोपीत खोचली आणि पांढुर्णा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या सगळ्या वर्षात ताई माझ्याशी कामापुरतीच बोलली. माळ्यावरची टोपली तिनं खाली काढली होती, दहावीचा प्रायव्हेट फॉर्म भरला होता आणि वेळ मिळेल तेव्हा ती पुस्तकात डोकं घालून बसायची. मी समजत होते, माझं तोंड पाहायचं नाही म्हणून. पास झाली, पुढच्या वर्षी वरूडला दिली. स्थळ आधीच्याइतकं मोठं नव्हतं. तिच्या लग्नात मी मोठ्यानं मंगलाष्टकं म्हटली, लोकांनी वाहवा केली, आणि मला सारखं वाटत होतं, हिचं नशीब मी एका शब्दानं बदललं.

हे ओझं मी पुष्कळ वर्षं वागवलं. अंगणवाडीत नोकरी केली, दिवसभर लेकरांशी बोलले, कितीतरी लेकरांच्या आया मला म्हणाल्या की बाई तुमचं बोलणं स्पष्ट. दमले की अजूनही 'क' थोडा नाकात जातो, तेवढंच. पण ताईला विचारायचं धाडस झालं नाही. मागच्या हिवाळ्यात वरूडला गेले होते. आम्ही दोघी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ताईचे गुडघे आता दुखतात, पाय लांब करून बसते. मी म्हटलं, "ताई, सौंसरचं स्थळ माझ्यामुळं गेलं. तुला माझा फार राग आला होता ना?"

ती सोलायची थांबली. "कोणतं? ते मास्तरणीच्या भाच्याचं?" तिला आठवायला वेळ लागला. "बाप्पा, त्याचं मी तोंडबी पाह्यलं नव्हतं."

"मग वर्षभर बोलत का नव्हतीस?"

"लाज वाटे तुह्यापुढं," ती म्हणाली. "आत्यानं तुले कोंडलं तवा मी साडी नेसून राहिली होती. मले दिसून राहिलं होतं. तीनही वेळा दिसलं. अन् बाबा मोहगाव म्हणले तवा मी तिथंच उभी होती चहाचं ताट घेऊन." तिनं एक शेंग उचलली आणि हातातच ठेवली. "तुह्या टाळूले भोक होतं, तुले बोलता नव्हतं येत. माह्या तोंडाले काय झालं होतं वो? मले शिकायचं होतं, लग्न नव्हतं करायचं. एकाले तरी सांगितलं का मी?"

तिनं ती शेंग सोलली. मग शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं, आणि आम्ही दोघी सोलत बसलो.